सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्य : ख्रिस्ती विद्यापीठातली दोन वर्षे आणि नोकरीतले अकरा महिने

पदवी हातात येऊन अकरा महिने झाले. निकालाच्या आठवड्यात लिहायला बसले असते तर वसतिगृहाच्या मेसबद्दलच अधिक लिहिले गेले असते, म्हणून थांबले. दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठातून मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) घेतली. विशेष विषय सामुदायिक आरोग्य होता आणि पहिल्या वर्षी साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी व आरोग्य धोरण हे तीन पेपर एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात बसून द्यावे लागत. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि ज्यांनी शिकवले त्यांच्याशी माझे भांडण नाही, त्यामुळे विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. सध्या मी गोवंडीत एका संस्थेच्या क्षयरोग प्रकल्पात काम करते, आणि शिकलेल्यातले काय रोज हाताशी येते व काय कपाटात पडून आहे, एवढेच इथे सांगायचे आहे.

प्रवेशाआधी तीन वर्षे मी याच भागात फील्डवर्कर होते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेपासून गोवंडीतली बैंगनवाडी ही वस्ती रिक्षाने काही मिनिटांवर आहे, त्यामुळे शिकायचे तर तिथेच असे मनात होते. पण प्रतीक्षा यादीतला माझा क्रमांक शेवटपर्यंत यादीतच राहिला. चर्चगेटजवळच्या निर्मला निकेतनचाही विचार केला होता. १९५५ पासूनचे ते कॉलेजही ख्रिस्ती संस्थेचेच आहे आणि परळच्या आमच्या घरातून ते सोपे पडले असते. परंतु साथरोगशास्त्र आणि समाजकार्य एकत्र शिकायचे या हट्टापायी मी दूर गेले. घरी यावर बरीच चर्चा झाली. आई गप्प होती. मामांनी मात्र फोन करून ‘शिकून ये, पाणी शिंपडून घेऊन येऊ नकोस’ असे बजावले.

मामांच्या या शंकेचे उत्तर आधीच देऊन टाकते, कारण मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न तोच आहे. दोन वर्षांत मला कोणी धर्मांतराचा आडूनही आग्रह केला नाही. राज्यघटनेच्या कलम ३० खाली चालणारी ही अल्पसंख्याक संस्था असल्यामुळे काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव होत्या, तरीही आमच्या वर्गात ख्रिस्ती नसलेलेच अधिक होते. दर बुधवारी सकाळी साडेआठला प्रार्थनासभा असे. माहितीपत्रकात ती ऐच्छिक होती, प्रत्यक्षात मात्र सहीची वही फिरत असे. कलम २८ च्या तिसऱ्या खंडानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, हे आम्हाला तिथेच, कायद्याच्या पेपरात शिकवले होते. म्हणून आम्ही चौघींनी ते समन्वयकांना लेखी कळवले. वही दोन आठवडे बंद झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ‘मूल्यशिक्षण, दोन क्रेडिट’ या नावाने परत आली. मी बसले, मागच्या बाकावर. तिथले समूहगान मला आवडू लागले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या अभ्यासक्रमाचा ख्रिस्तीपणा मला दिसला तो प्रार्थनासभेत नव्हे, फील्डवर्कच्या वहीत. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर, त्याचे रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरव्हायजरच्या टेबलावर आणि आठवड्यातून एकदा तिच्याशी समोरासमोर बोलणे, ज्याला सगळे ‘आयसी’ म्हणतात, हा क्रम समाजकार्याच्या बहुतेक कॉलेजांत असतो. माझी पहिल्या वर्षाची सुपरव्हायजर एक सिस्टर, म्हणजे नन, होती, साठीच्या पुढची, आयुष्याची वीस वर्षे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काढलेली. तिने वहीच्या पानाचे तीन भाग पाडायला लावले: समोरची व्यक्ती काय बोलली व मी काय बोलले ते जसेच्या तसे, त्या वेळी मला काय वाटत होते ते, आणि तिसरा रकाना तिच्या लाल पेनासाठी कोरा. पहिली वही परत आली तेव्हा ‘कौन्सेल्ड’ (समुपदेशन केले) या शब्दाभोवती सात ठिकाणी लाल वर्तुळे होती आणि खाली एकच ओळ होती: तू बोललीस हे कळले, ती बाई काय म्हणाली? मला उत्तर देता आले नाही, कारण बाई काय म्हणाली ते मी ऐकलेच नव्हते. मी मनात पुढचे वाक्य जुळवत बसले होते.

तीन वर्षे वस्तीत काम करून गेलेल्या माणसाला हे फार लागते. पुढचे दोन महिने मी त्या वहीला घाबरत असे. मधल्या रकान्यात ‘काही वाटले नाही’ असे लिहिले, तर सिस्टर आयसीमध्ये ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवी आणि शांत बसून राही. पाच मिनिटांची ती शांतता मला कोणत्याही पेपरपेक्षा जड गेली. कोणाची बाजू मांडण्याआधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, आणि ऐकताना आपल्याला आलेली किळस वा कंटाळा स्वतःपासून लपवू नये, ही शिस्त तिच्याकडे तिच्या व्रतातून आली होती असे मला वाटते, जरी तिने तसे कधी म्हटले नाही.

साथरोगशास्त्राचा वर्ग याच्या अगदी उलट्या टोकाला होता. तिथे एका बाईला किंमत नव्हती, ‘छेद काय?’ हा पहिला प्रश्न असे. वस्तीत बारा जणांना क्षय झाला, हा नुसता अंश. किती लोकांपैकी, किती काळात, हे माहीत नसेल तर त्या बारांवरून काहीही म्हणता येत नाही. आमच्या सरांनी सुरुवात अर्थातच १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यापासून, जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापासून केली. ती गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते. मला ठाऊक नव्हता तो हेन्री व्हाइटहेड, त्याच भागातल्या चर्चचा तरुण पाद्री. कॉलरा पंपाच्या पाण्यातून पसरला हे स्नोचे म्हणणे त्याला पटले नव्हते आणि ते खोडण्याच्या इराद्यानेच तो घरोघर फिरला. ओळखीचा पाद्री म्हणून लोक त्याच्याशी बोलत, आणि तो एकेका घरी पुन्हा पुन्हा जात असे. शेवटी ४०, ब्रॉड स्ट्रीट या घरातले आजारी बाळ त्यालाच सापडले. त्याचे दुपटे धुतलेले पाणी ज्या शोषखड्ड्यात ओतले जात होते, तो पंपाच्या विहिरीला जवळजवळ लागूनच होता. स्नोला खोडायला निघालेला पाद्री त्याचा भक्कम साक्षीदार झाला. एमपीएचच्या मुलांना या गोष्टीत स्नोचा मृत्यूंचा नकाशा दिसला आणि आम्हा एमएसडब्ल्यूवाल्यांना गृहभेट. त्यावरून कॅन्टीनमध्ये जो वाद झाला तो दोन वर्षे थोड्याफार फरकाने चालूच राहिला.

आता तक्रारी. जैवसांख्यिकीचा पेपर एका नवशिक्या शिक्षकाने स्लाइड वाचून ‘शिकवला’, संगणक कक्षातल्या एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्याच महिन्यात संपला आणि तो वर्षअखेरपर्यंत नव्याने घेतला गेला नाही. मी जे काही शिकले ते एपी इन्फो या मोफत सॉफ्टवेअरवर, रात्री वसतिगृहात, एमपीएचच्या एका मैत्रिणीच्या कृपेने. दुसऱ्या वर्षी त्याहून मोठे नुकसान झाले. सिस्टरची तिच्या संघाने दुसऱ्या राज्यात बदली केली आणि आम्ही चौदा जण एका सुपरव्हायजरच्या वाट्याला आलो. आठवड्याची आयसी महिन्यावर गेली, वह्या नुसत्या सह्या होऊन परत येऊ लागल्या आणि त्या वर्षातल्या माझ्या वहीत लाल शाई जवळपास नाही. फी मात्र दोन्ही वर्षी सारखीच होती. हा दोष माणसांचा कमी आणि प्रवेशसंख्या वाढवून शिक्षक न वाढवणाऱ्या व्यवस्थापनाचा अधिक आहे.

अभ्यासदौऱ्यात पाच दिवस जामखेडला होतो. महाराष्ट्रातल्या गावाची ओळख मला कर्नाटकी, मल्याळी वर्गमित्रांबरोबर, इंग्रजीतून व्हावी हे गमतीचेच. वेल्लोरला शिकलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण दौऱ्यात लक्षात राहिल्या त्या गावच्या आरोग्यसेविका. त्यांच्यातल्या अनेकजणी शाळेची पायरी न चढलेल्या आणि दलित कुटुंबांतल्या. त्यांच्यातल्या एका आजींनी आम्हाला बाळाच्या दंडाचा घेर मोजून दाखवला आणि मग विचारले, ‘मोजलं, आता याच्या आईला काय विचारशील?’ वर्गात कोणाला चटकन उत्तर सुचले नाही. आम्हाला फार तर काय सांगायचे ते माहीत होते.

आणखी एक गोष्ट दूर गेल्यामुळे कळली. भारतातले समाजकार्याचे पहिले व्यावसायिक विद्यालय, म्हणजे आजची टाटा संस्था, १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झाले आणि त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. त्याआधी त्यांनी त्याच मोहल्ल्यात नेबरहूड हाउस हे वस्तीतले सेवाकेंद्र चालवले होते. लहानपणापासून मी नागपाड्यावरून बसने जात आले आहे. हे सारे मला हजार किलोमीटरवरच्या वर्गात, पॉवरपॉइंटवर वाचावे लागले.

नोकरीत यातले काय उपयोगी पडते, ते एका प्रसंगातून सांगते. मार्चमध्ये आमच्या यादीत बैंगनवाडीतली एक बाई ‘उपचार खंडित’ म्हणून आली. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. बाईने तिसऱ्या महिन्यात गोळ्या थांबवल्या होत्या. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे चार वेळा ‘समुपदेशन केले’ असे लिहिलेले होते, त्यातले एकदा माझ्याच अक्षरात. मला तो शब्द पाहून सिस्टरचे पेन आठवले. मी गेले, बसले आणि ठरवून काही बोलले नाही. बाई जरीच्या पट्टीवर टिकल्या चिकटवत होती. मी ओळीतल्या दहा-बारा टिकल्या मोजेपर्यंत तीही बोलली नाही. मग म्हणाली, गोळ्यांनी लघवी लाल होते, खोलीत संडास नाही, सार्वजनिक संडासात मागून येणाऱ्या बायका विचारतात. सासूला अजून काही सांगितलेले नाही. औषधाने लघवी लालसर होते हे आम्ही प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी सांगतो, घाबरू नका म्हणून. ती घाबरली नव्हतीच. तिला उघडे पडायचे नव्हते.

समाजकार्याचे काम इथे झाले, पण गोष्ट इथे थांबली असती तर अर्धीच राहिली असती. मी वर्षभराचे रजिस्टर काढून खंडित उपचारांचे महिने मांडले. २३ पैकी १४ जण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थांबले होते, म्हणजे बरे वाटू लागल्यावर, आणि त्यातही स्त्रिया अधिक. पण त्या महिन्यांत उपचारावर एकूण स्त्रिया किती होत्या, हा छेद मिळवायला टीबीएचव्हींच्या, म्हणजे सरकारी क्षयरोग कार्यक्रमातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या, मागे लागून निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरून यादी काढावी लागली, आणि छेद हाती आल्यावर स्त्री-पुरुषांतला फरक मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. छेद नसता तर मी मीटिंगमध्ये ठणकावून चुकीचे बोलले असते. महिना मात्र खरा ठरला, आणि आता तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच एक जास्तीची भेट आम्ही सर्वांना देतो. क्षयरुग्णांना आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषणचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १,००० झाले आहेत. ते ज्यांच्या खात्यावर पोहोचत नाहीत त्यांची केवायसी अडकलेली आहे का, हेही त्याच भेटीत पाहून होते.

खर्चाचे थोडक्यात. फी, वसतिगृह आणि जाणेयेणे धरून दोन वर्षांत साधारण साडेचार लाख गेले, त्यातले तीन लाख कर्जाचे आहेत आणि हप्ता पगाराचा पाचवा हिस्सा खातो. प्लेसमेंट सेलचा मुंबईसाठी उपयोग शून्य. ही नोकरी मला ब्लॉक प्लेसमेंटच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटी एखाद्या संस्थेत केलेल्या सलग कामाच्या, ओळखीतून मिळाली. सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदासाठी डोळा असेल, तर पदवीवर एमएसडब्ल्यू हेच शब्द आहेत ना हे प्रवेशाआधी पाहावे, कारण माझ्या एका वर्गमित्राच्या संयुक्त नावाच्या पदविकेवरून त्याचा अर्ज छाननीतच अडकला. जो डॉक्टर वा नर्स आहे आणि ज्याला आकडेवारी, कार्यक्रम व्यवस्थापन एवढेच हवे आहे, त्याने सरळ चांगल्या ठिकाणचे एमपीएच करावे; फील्डवर्कच्या वहीत त्याचा जीव रमणार नाही.

बाकीच्यांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून दोन गोष्टी विचाराव्यात. एका सुपरव्हायजरकडे किती विद्यार्थी आहेत, हा आकडा विभागप्रमुखांकडून घ्यावा. आणि दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठून तिची वही पाहायला मागावी, आतली नावे तिने झाकली तरी चालतील. तिसऱ्या रकान्यात काही लिहिलेले आहे की नुसत्या सह्या आहेत, तेवढेच पाहायचे आहे.