फिटची गोळी चालू आहे आणि बाळाचा विचार आहे: व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटम की लॅमोट्रिजिन?

मी आठ वर्षं व्हॅल्प्रोएट घेतली आणि खरं सांगते, माझ्या प्रकारच्या फिट्सना (सकाळी उठलं की हाताला झटके, चहाचा कप उडून भिंतीवर) त्या गोळीला तोड नाही. पण बाळाचा विषय निघाला की हीच सगळ्यात वाईट. गरोदरपणात ही चालू असेल तर शंभरातल्या साधारण 10 बाळांना जन्मतःच व्यंग असतं, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं, एरवी हा आकडा 2-3 असतो. आणि 30 ते 40 टक्के मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात अडचण येऊ शकते, स्वमग्नतेचं प्रमाणही जास्त. डोस वाढला की धोका वाढतो, पण कमी डोस म्हणजे सेफ असंही नाही. आठ वर्षांत मला यातलं कोणी काही बोललं नाही, "वजन थोडं वाढेल हं" एवढंच.

बाकीच्या दोन्ही गोळ्यांत व्यंगाचा आकडा जवळपास एरवीइतकाच, त्यामुळे निवड दुसऱ्याच गोष्टींवर होते.

लॅमोट्रिजिन मूडला बरी, पण चढवायला आठवडेच्या आठवडे लागतात, घाई केली तर अंगावर पुरळ येतं आणि क्वचित ते जिवावरही बेततं, सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर अजूनच हळू चढवायची. गरोदरपणात रक्तातली लेव्हल खूप घसरते, काहींची निम्म्याहून खाली, म्हणून डोस वाढवत न्यावा लागतो आणि डिलिव्हरीनंतर लगेच उतरवावा लागतो, नाहीतर गरगरतं, एकाचे दोन दिसतात. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही हिची लेव्हल पडते. आणि माझ्यासारखे झटके असतील तर कधीकधी ते हिनेच वाढतात.

लेव्हेटिरासिटम पटकन लागू पडते, हीसुद्धा गरोदरपणात घसरते, पण हिचा खरा त्रास म्हणजे चिडचिड. पहिले दोन महिने नवरा विचारायचा, आत्ता तू बोलतेयस की गोळी? आधीपासून डिप्रेशन असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. मी शेवटी हीच घेतली.

फिटचीच आणखी एक गोळी कार्बामाझेपिन, व्यंगाच्या धोक्यात मधली, शंभरात 4-5 बाळांना, पण ती गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करते (कॉपर टीला काही होत नाही). टोपिरामेट नको, ओठ-टाळू दुभंगायचा धोका.

बदल करायचा तर आधी करा. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली हे कळेपर्यंत त्यातला निम्मा वेळ निघून गेलेला असतो. फॉलिक अ‍ॅसिडही गर्भ राहण्याआधीपासूनच, मला 5 मिलीग्रॅमची दिली होती. आणि कुणी "दिवस गेलेत, गोळ्या बंद कर" म्हणालं तर अजिबात ऐकू नका, अचानक बंद केल्यावर येणारी मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकते, आधीच दिवस गेले असतील तरी न्यूरोवाल्यांना त्याच दिवशी फोन करायचा, गोळी स्वतःहून सोडायची नाही.

नवरा व्हॅल्प्रोएटवर असेल तर त्यानेही विचारावं, गर्भ राहण्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल युरोपात 2024 मध्ये सावधगिरीची सूचना निघाली आहे.

अंगावर पाजायला माझ्या गोळीची आडकाठी नव्हती. आडकाठी झोपेची, जागरण झालं की माझे झटके सुरू, म्हणून रात्री दोनचं फीड नवऱ्याने काढलेल्या दुधाच्या बाटलीने द्यायचं हे सातव्या महिन्यातच ठरवून टाकलं, सासूबाईंनी थोडं तोंड वाकडं केलं.