हडप्पाच्या भोकाभोकांच्या मडक्याचं वर्कशॉप, गंगापूर रोड

रविवारी पॉटरी स्टुडिओत गेलो होतो आणि मनापासून सांगतो, नाशिककरांनी चुकवू नका. हडप्पा, मोहेंजोदडोला उंच नळकांड्यासारखी मडकी सापडलीत, अंगभर बारीक भोकं, आणि १९२० च्या दशकात उत्खनन सुरू झालं तेव्हापासून ती नेमकी कशासाठी यावर वाद चालूच आहे, कोणी म्हणतं निखारे ठेवायची शेगडी, कोणी म्हणतं दही किंवा दारू गाळायची चाळण. इथे नुसतं लेक्चर नाही देत, तसंच मडकं आपल्याकडून बनवून घेतात आणि शिकवणाऱ्या ताईंनी आधीच भाजून ठेवलेल्या मडक्यात प्रयोग करायला लावतात. आतून कापड लावून दही ओतलं तर पाणी मस्त निथळलं, चक्का तयार! मग दुसऱ्या मडक्यात निखारे टाकले, ऊब चारी बाजूंनी छान येते पण राख भोकांतून सांडत राहते, म्हणून मला तरी चाळणच पटते. ताई मात्र निकाल देत नाहीत, आपल्यालाच विचार करायला लावतात, हे फार आवडलं.

जागा थोडी लहान आहे, पार्किंग शोधावं लागतं. मुलांना नक्की न्या. आपल्या नाशिकच्या ‘मातीची गढी’ या जुन्या टेकाडावर १९५०-५१ ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं होतं, तिथल्या खापरांवरही असं एक सेशन ठेवा ना प्लीज!