मेटाटार्सल पॅडवाले इनसोल: आग थांबली, पण बूट बदलावे लागले

सायकलवर ६० किलोमीटर झाले की उजव्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, मग बोटं बधिर. उतरा, बूट काढा, बोटं चोळा, पुन्हा पेडल. शेवटी हे इनसोल घेतले, म्हणजे बुटात घालायचा आतला तळ आणि त्यावर चिकटवायचा छोटा फुगीर पॅड.

पहिल्या दिवशी बुटात खडा गेलाय असंच वाटलं. चूक माझीच. सुटा पॅड मी दुखतं तिथेच, चवड्याखाली चिकटवला होता. तो हवा चवड्याच्या जरा मागे. तिथून तो चवड्याच्या लांब हाडांना (मेटाटार्सल) आधार देतो आणि बोटांच्या मुळाशी नसांवर येणारा दाब हलका होतो. सेंटिमीटरभर मागे नेला आणि पुढच्याच राइडला फरक कळला.

सगळं श्रेय मात्र त्याला देणार नाही. त्याच आठवड्यात क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारे तळाचे तुकडे) ५ मिलिमीटर टाचेकडे सरकवले (मग सीटही किंचित खाली घ्यावी लागली) आणि बुटाचा पुढचा पट्टा सैल केला. उन्हात पाय सुजतात, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

तक्रार एकच, इनसोल जाड आहे. माझ्या अरुंद बुटात बोटं वरून चेपायला लागली. शेवटी रुंद बूट घेतले, तो खर्च वेगळाच. परवा १०० किलोमीटरमध्ये एकदाच उतरलो, तेही पाणी भरायला.