दोष आदामचा की आपला? आदिपापाबद्दलची ख्रिस्ती मतं शेजारीशेजारी ठेवून

ख्रिस्ती विश्वास समजून घेताना बरेच जण एका ठिकाणी हमखास अडकतात, देवाने मना केलेलं फळ खाल्लं आदाम आणि हव्वेने, म्हणजे पहिल्या माणसांनी, आणि हिशोब माझ्याकडून का. त्या पहिल्या पापाला आणि त्याच्या वारशाला आदिपाप म्हणतात. उत्तर शोधायला गेलं की कळतं उत्तर एक नाहीच, निदान चार-पाच आहेत, आणि प्रत्येक जण छातीठोक सांगतो की बायबल हेच म्हणतं. ज्याला यातलं एक मत स्वतःसाठी ठरवायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय. मी तटस्थ नाहीये, माझा कल वाचता वाचता कळेलच.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. पाप आलं कुठून हा एक प्रश्न आणि त्याला जबाबदार कोण हा दुसरा. वादात लोक पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसराही सुटला असं धरून चालतात. आपण बिघडलेला स्वभाव घेऊनच जन्मतो हे मान्य केलं म्हणजे आपण जन्मतःच दोषी आहोत हेही मान्य करावं लागतं असं नाही, मधे एक पायरी आहे, आणि सगळं भांडण त्या पायरीवरच आहे. साध्या भाषेत, वारशात कर्ज आलंय की आजार आलाय? कर्ज असेल तर वसुली तुमच्याकडून होणार, आजार असेल तर उपचार होणार.

ऑगस्टिन आणि पेलाजियस

सुरुवात या दोघांपासूनच करावी लागते. ऑगस्टिन (३५४ ते ४३०) उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप, पेलाजियस ब्रिटनकडून रोमला आलेला, कडक शिस्तीचा माणूस. ऑगस्टिनने एका प्रार्थनेत देवाला म्हटलं होतं की तू जी आज्ञा करतोस ती पाळायची ताकदही तूच दे आणि मग हवी ती आज्ञा कर. हे ऐकून पेलाजियस भडकला. त्याचं लॉजिक सरळ होतं, देव न्यायी आहे, न्यायी देव अशक्य गोष्ट सांगणार नाही, म्हणजे सांगितलेलं पाळणं आपल्याला शक्य आहेच. आदामने वाईट उदाहरण घालून दिलं आणि वाईट सवयी पिढ्यानपिढ्या पसरल्या, पण प्रत्येक बाळ आदाम जिथून सुरू झाला तिथूनच सुरू होतं.

ऑगस्टिनचं म्हणणं बरोबर उलट. आदामात अख्खी मानवजात होती, तो पडला तेव्हा सगळे पडले, आणि नुसता स्वभाव नाही तर दोषसुद्धा वारशात आला. म्हणून बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) न झालेली बाळंसुद्धा शिक्षेतून सुटत नाहीत, फक्त त्यांची शिक्षा सगळ्यात सौम्य, इथपर्यंत तो गेला. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलाजियसची मतं नाकारली आणि ४३१ ला इफिससच्या परिषदेनेही त्याचा साथीदार सेलेस्टियस याला दोषी ठरवलं.

आजचा वाचक पटकन पेलाजियसच्या बाजूने जातो कारण तो न्यायाचं बोलतो. पण जरा थांबा. पेलाजियस दिसतो उदार, असतो भयंकर कडक. तुला शक्य होतं आणि तू केलं नाहीस एवढंच त्याच्याकडे उरतं, व्यसनात अडकलेल्या माणसाला, लहानपणी मार खाऊन तसाच हिंसक झालेल्याला, दहा वेळा ठरवून अकराव्यांदा घसरलेल्याला तो इतकंच म्हणणार की तू पुरेसं मनावर घेतलं नाहीस. उलट बाळांच्या बाबतीत इतका कठोर वाटणारा ऑगस्टिन याच माणसाला पटकन ओळखतो, कारण तो स्वतः त्यातून गेलेला होता, चांगलं करावंसं वाटतं पण हातून होत नाही ही अवस्था ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात मांडलीय तशीच्या तशी. म्हणजे बाळाच्या प्रश्नावर पेलाजियस माणुसकीचा वाटतो आणि मोठ्या माणसाच्या प्रश्नावर ऑगस्टिन. दोन्हीकडचं चांगलं तेवढं घेता येतं का, पुढचे सगळे लोक एका अर्थी हेच करून बघतायत.

पूर्वेकडची मंडळी

ग्रीस-रशियाकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ऑगस्टिनचा हिशोब कधी पूर्ण उचललाच नाही. त्यांच्याकडे आदामकडून आलं ते मरण, नाशवंतपणा, आणि मरणाच्या भीतीतून येणारा स्वार्थ. दोष ज्याचा त्याचा, आपण स्वतः पाप करतो तेव्हा लागणारा. थोडक्यात आजार, कर्ज नाही. याच्याही आधीचा, ऑगस्टिनच्या साधारण दोनशे वर्षं मागचा बिशप आयरेनियस तर आदाम-हव्वेला जवळजवळ मुलांसारखं बघतो, अजून वाढायचे होते, पिकायच्या आत घाई केली. त्याच्या मांडणीत पतन, म्हणजे आदामचं पापात पडणं, गंभीर आहेच पण सगळा डाव कायमचा उधळला असा सूर नाही.

मला हे मत जवळचं वाटतं, सरळ सांगतो. बायबलमधल्या यहेज्केल १८ मधे स्पष्ट आहे की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, आणि यिर्मया ३१ मधे बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले ही म्हणच यापुढे कोणी म्हणणार नाही असं सांगितलंय. पण या मताला एक प्रश्न चिकटतोच. दोष आला नाही, फक्त मरण आणि कमजोरी आली, तर मग एकही माणूस पापाशिवाय का राहिला नाही? कमजोरी इतकी हमखास पाडत असेल तर ती निव्वळ कमजोरी म्हणायची का? ऑर्थोडॉक्स माणूस इथे फार व्याख्या करत बसत नाही, उपचाराकडे बोट दाखवतो. काहींना ते पुरतं, काहींना वाटतं प्रश्नाला बगल दिली.

कॅथलिक

बाहेरच्यांना वाटतं कॅथलिक म्हणजे ऑगस्टिन जसाच्या तसा. तसं नाहीये. १५४६ ला कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने आदिपाप प्रत्येकात खरंच असतं आणि ते अनुकरणाने नाही तर वंशातून येतं हे पक्कं केलं. पण १९९२ च्या कॅटेकिझममधे, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात, हेही आहे की आदामच्या वंशजांमधे ते वैयक्तिक अपराध या स्वरूपाचं नाही, ती कृती नाही, अवस्था आहे, देवाने मुळात दिलेलं पावित्र्य हरवलेली. बाळांबद्दल २००७ ला व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगाने लिहिलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची (देवाकडून वाचवलं जाण्याची) आशा धरायला जागा आहे. ऑगस्टिनपासून हे बरंच लांब आलेलं आहे.

लूथर, कॅल्विन आणि पुढचे

मनात नुसती वाईट इच्छा उठली, तुम्ही तिला हो म्हटलं नाही, तर ते पाप का? ट्रेंटचं उत्तर, बाप्तिस्म्यानंतर उरलेली वासना पापाकडे ओढते पण ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नाही. लूथर आणि कॅल्विनसारखे, कॅथलिक चर्चपासून वेगळे झालेले प्रोटेस्टंट सुधारक म्हणाले नाही, ती ओढसुद्धा पापच. याकोबाच्या पत्रात (१:१४-१५) वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते असं आहे, हे कॅथलिकांच्या सोयीचं, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात नजरेतली वासनाही धरली जाते, हे सुधारक पुढे करतात, जरी तिथे मुद्दाम बघण्याबद्दल बोललंय असं मला वाटतं. हा फरक पुस्तकी वाटेल पण ज्याला रोज एखाद्या विचाराशी झगडावं लागतं त्याच्यासाठी हा सगळ्यात मोठा फरक आहे. प्रत्येक झुळकीला मी दोषी, की मी फक्त लढाईत आहे?

कॅल्विनच्या परंपरेत पुढे आदाम हा सगळ्यांचा प्रतिनिधी अशी मांडणी घट्ट झाली. प्रतिनिधीने देवाशी असलेला करार मोडला, त्याचा दोष सगळ्यांच्या नावावर. ऐकायला अन्याय वाटतो, पण यांचा बिनतोड वाटणारा मुद्दा रोमकरांस ५ मधून येतो, एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले तसे एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. दुसऱ्याचा दोष माझ्या नावावर नको म्हणत असाल तर ख्रिस्ताचं नीतिमत्त्व तरी तुमच्या नावावर कसं लागणार? हा प्रश्न उडवून लावू नका. माझ्या मते याला उत्तर आहे, भेट नाकारता येते आणि शिक्षा नाकारता येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू पूर्ण सारख्या नाहीत, आणि पौल स्वतः त्याच अध्यायात म्हणतो की कृपादान अपराधासारखं नाही. पण तरी मुद्दा वजनदार आहे.

मग जबाबदारीचं काय, स्वभावच गुलाम असेल तर? कॅल्विनच्याच परंपरेतल्या अमेरिकेच्या जोनाथन एडवर्ड्सने १७५४ ला याचं सगळ्यात चांगलं उत्तर दिलं. जमत नाही याचे दोन अर्थ, एक म्हणजे ताकदच नाही, दुसरा म्हणजे ताकद आहे पण मनच नाही. पहिल्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे, आणि पापी माणूस दुसऱ्यातला. हुशार उत्तर आहे. फक्त ते मन असं कोणी दिलं हे विचारलं की परत पहिल्या चौकात.

आर्मिनियस आणि वेस्ली

कॅल्विनच्या परंपरेशी वाद घालणारा डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस १६०९ ला वारला, त्याच्या अनुयायांनी १६१० ला पाच मुद्दे मांडले, १६१८-१९ च्या डॉर्टच्या परिषदेत ते फेटाळले गेले, पण मत टिकलं आणि अठराव्या शतकात जॉन वेस्लीने ते पसरवलं. पतन ऑगस्टिनइतकंच खोल मानायचं, पण देव प्रत्येकाला आधीच थोडी कृपा देतो ज्याने माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो, आणि पाप म्हणजे नीट अर्थाने माहीत असलेल्या आज्ञेचा जाणूनबुजून भंग. लूक १२ मधे मालकाची इच्छा माहीत असलेल्या चाकराला जास्त फटके आणि माहीत नसलेल्याला कमी, त्याच्याशी हे छान जुळतं. अडचण एवढीच की ही आधी दिलेली कृपा सगळ्यांना मिळते हे बायबलमधे एका जागी उघड लिहिलेलं दाखवता येत नाही, अनेक वचनं जोडून काढावं लागतं.

पहिलं पाप मुळात का झालं

इथे सगळेच अडखळतात म्हणून कोणाला जास्त मार्क देऊ नका. सैतानाने भुलवलं म्हणाल तर सैतान चांगला देवदूत असताना कसा बिघडला? ऑगस्टिन म्हणतो वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याची उणीव आहे, आणि वाईट इच्छेचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी बघायला जाणं. कॅल्विन म्हणतो देवाच्या योजनेत होतं तरी माणूस स्वतःच्या दोषाने पडला. आर्मिनियसवाले म्हणतात देवाने फक्त होऊ दिलं. होऊ दिलं आणि योजनेत होतं यात फरक आहेच, पण देवाला सगळं आधीच माहीत होतं हे दोघेही मानत असल्याने फरक वाटतो त्यापेक्षा लहान आहे.

मग निवडायचं कसं? तुम्हाला जास्त झोप लागू न देणारा प्रश्न कोणता ते बघा. निर्दोष बाळ असेल तर ऑर्थोडॉक्स किंवा वेस्लीकडे जा, कॅथलिकही आता फार लांब नाहीत. माझ्याकडून स्वतःच्या बळावर काहीच होत नाही हा अनुभव असेल तर ऑगस्टिन आणि कॅल्विन तुमची भाषा बोलतील. तारण फक्त ख्रिस्तामुळेच, माझी कमाई शून्य, हे वाक्य हलता कामा नये असं वाटत असेल तर रोमकरांस ५ चा तोल सांभाळणारं मत हवं. पेलाजियस मी सुचवणार नाही, न्याय म्हणून त्याच्याकडे जाल आणि दर दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच कोर्टात उभे राहाल.

आणि बाळाचा बाप्तिस्मा करायचा का यासाठी हे वाचत असाल तर ही तुलना तो प्रश्न सोडवत नाही, कारण दोष न मानणारे ऑर्थोडॉक्स बाळांना बाप्तिस्मा देतात आणि दोष मानणारे कित्येक बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) देत नाहीत. त्याचा निकाल बाप्तिस्मा म्हणजे तुम्ही काय समजता त्यावर लागेल.