जॉय हार्जोचं 'क्रेझी ब्रेव्ह' : घ्याच!

पणजीतल्या दुकानातून मागवून घेतलं हे पुस्तक, पेपरबॅक, जेमतेम पावणेदोनशे पानं. जॉय हार्जो म्हणजे मस्कोगी जमातीची कवयित्री, जन्म 1951, ओक्लाहोमातलं टल्सा, आणि 2019 मध्ये अमेरिकेची राजकवी झालेली पहिली मूळनिवासी. पण हे आत्मचरित्र त्या मानसन्मानाच्या खूप आधीचं, 2012 चं, त्यामुळे यात पुरस्कारांची जंत्री नाही आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

पूर्व, उत्तर, पश्चिम, दक्षिण असे चार भाग आहेत. लहानपणी बाबांच्या गाडीत रेडिओवर माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट ऐकते तो प्रसंग परत परत वाचला मी. मग सावत्र बाप येतो, घरात गायलासुद्धा बंदी, मारहाण, आणि त्यातून ती सांता फेच्या कलाशाळेत पोचते तेव्हा खरंच सुटल्यासारखं वाटतं आपल्यालाच. आधी चित्रकार व्हायचं होतं तिला, कविता नंतर आली, सॅक्सोफोन तर जवळजवळ चाळिशीत! आपले कवी बा. भ. बोरकर स्वतः कविता गायचे, त्यामुळे कविता गाणारी बाई आपल्या गोंयकारांना परकी वाटायची नाही.

मधेच स्वप्नं, पूर्वज, कविता असं सगळं मिसळतं, तिथे थोडा दम धरावा लागतो. इंग्रजी मात्र सोपं आहे, कॉलेजच्या पोरांना बिनधास्त द्या. छपाई छान, फक्त पावसाळ्यात उघडं ठेवू नका, आपल्या दमट हवेत पानं लगेच फुगतात. पाचपैकी साडेचार.