टाचदुखीवर शॉकवेव्ह: आठ महिन्यांनंतर

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. दीड वर्ष सोसलं. माझं पोळी-भाजीचं काम, पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी. शेक, मऊ चपला, गोळ्या सगळं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं, सांगितलं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसत होतं, पण दुखणं त्याचंच असेल असं नाही, हेही समजावलं.

शॉकवेव्हसाठी, म्हणजे मशीनने दुखऱ्या जागी बाहेरून दाबाच्या लहरींचे ठोके घ्यायला, आधी एका क्लिनिकमध्ये गेले होते. तिथे न तपासताच दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारत होते. वर 'पहिल्याच दिवशी आराम' ही हमी! मी उठून आले. दुसरीकडच्या फिजिओ ताईंनी आधी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, साखर किती, सगळं विचारलं आणि पाचच सेशन सांगितली, आठवड्याला एक.

टाचेचा दुखरा बिंदू अंगठ्याने दाबून शोधतात, जेल लावतात आणि पिस्तुलासारखा हँडपीस टेकवतात. टकटकटक असे दोन हजार ठोके, पाच-सात मिनिटांत. हा अल्ट्रासाउंडचा शेक नव्हे. दुखतं, चांगलंच दुखतं. पहिल्या वेळी मी चादर मुठीत धरली होती. बधिर करायचं इंजेक्शन मागितलं, तर ताई म्हणाल्या, नको, दुखतंय कुठे हे तुम्हीच सांगायचंय, शिवाय बधिर केल्यावर गुण कमी येतो. सूजेच्या गोळ्याही बंद करायला लावल्या.

शॉकवेव्हची कल्पना मुतखडा फोडण्याच्या उपचारातून आली. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा खडा असा बाहेरूनच फोडला होता. टाचेत मात्र काही फोडायचं नसतं. जुनाट दुखऱ्या जागेला पुन्हा भरून यायला चालना द्यायची असते. म्हणूनच वेळ लागतो, आणि हेच मला कुणी आधी सांगायला हवं होतं. पाचवं सेशन झालं तरी फरक जेमतेम. पैसे वाया गेले म्हणून मी रडले. मग सातव्या-आठव्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात पोचल्यावर लक्षात आलं, आज लंगडले नाही.

आता आठ महिने झाले. लग्नसराईत सलग उभं राहिलं की संध्याकाळी टाच जड होते, पण ती कळ नाही. एकट्या मशीनला श्रेय देणार नाही. पोटरीचे व्यायाम मी एक दिवस चुकवले नाहीत. अजूनही उठल्यावर पलंगावरच बसून पायाची बोटं हाताने मागे ओढते, दहा आकडे मोजते, असं दहा वेळा. मगच पाऊल खाली.