काळी वीड मॅट: दोन पावसाळ्यांनंतरचा हिशेब

आधी वजनाचं सांगते. तण उगवू नये म्हणून मातीवर अंथरायच्या या मॅटच्या पाकिटावर ठळक अक्षरांत '९० जीएसएम' लिहिलं होतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, त्यात गूढ काही नाही. उरलेल्या गुंडाळीतून मी मीटर बाय मीटरचा तुकडा कापला, घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ६८ ग्रॅम. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला, तरी ६८च. दिवाळीचं बेसन ज्या काट्यावर बिनचूक उतरतं, तो मॅटच्याच वेळी खोटं कसा बोलेल? हे मला सुचलं तोवर परत पाठवायची मुदत केव्हाच संपली होती. तुम्ही पाकीट फोडाल त्याच दिवशी करा.

आता मॅट घेतलीच का, ते. सांगलीत आमचं दोन गुंठ्यांत घर आहे. बांधकाम सोडून पुढे आणि बाजूला जी जागा उरते, तिची बाग आपल्या हातानं करायची असं निवृत्तीच्या आधीपासून ठरवलं होतं. आमची जमीन काळी. भिजली की चपलेला किलोभर चिकटते, वाळली की तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून दोन ट्रॉली पोयटा टाकून घेतला. नदीकाठचा, मऊसूत, हातात घेतला की पिठासारखा. त्या पोयट्यातून लव्हाळा हे चिवट तण फुकट आलं. महिनाभरात वाफा असा हिरवागार दिसायला लागला की आमच्या ह्यांनी फोटो काढून मुलीला पाठवला, "आईचं लॉन" म्हणून.

मे २०२४ मध्ये ही मॅट मागवली. एक मीटर रुंद, वीस मीटर लांब, सोबत पन्नास खिळे, सगळं मिळून १०५० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं, 'तण कायमचे बंद'. मी ती दोन ठिकाणी टाकली: घराच्या बाजूच्या पायवाटेखाली नऊ मीटर आणि कंपाउंडच्या भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्यात सात मीटर.

बसवण्याबद्दल दोन गोष्टी. मे महिन्यातली काळी माती म्हणजे दगड; सोबत आलेल्या यू आकाराच्या खिळ्यांपैकी अठरा पहिल्याच ठोक्याला वाकले. मग आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवलं, तेव्हा सकाळी बाकीचे सरळ गेले. दुसरं, ही मॅट विणलेली असते. कात्रीनं कापली की कडेच्या पट्ट्या सुटत जातात आणि वर्षभरात त्या काळ्या धाग्यांची लक्तरं मातीत मिसळतात. ती वेचणं तण वेचण्यापेक्षा वाईट, कारण धागा कुजत नाही. कापल्या कापल्या कड मेणबत्तीवरून फिरवून घ्या, प्लास्टिक वितळून धागे चिकटतात. माहितीपत्रकात हे नव्हतं. माहितीपत्रकात एका हसऱ्या परदेशी बाईचं चित्र होतं.

पायवाटेखाली मॅटनं चोख काम केलं, हे मान्य करते. खाली मॅट, तिच्यावर दोन इंच बारीक खडी आणि त्यात बसवलेले शहाबादीचे तुकडे, जे बांधकामाच्या वेळचे गच्चीवर पडून होते. खडी काळ्या मातीत रुतत नाही, पाणी खाली जिरतं, पावसाळ्यात चिखल नाही. दोन वर्षांत तिथं जे उगवलं ते वरून उडून आलेल्या मातीत रुजलेलं, बोटानं ओढलं की निघणारं. हरळीनं मात्र वरूनच मॅटच्या विणीत मुळं घुसवली होती. ती उपटताना मॅटही उचलली जाते. महिन्यातून एकदा खराट्यानं माती झाडून काढली तर हरळीला पाय रोवायला जागा मिळत नाही. पायवाटेसाठी मी हीच मॅट पुन्हा घेईन, पण वजन करून.

वाफ्यातली गोष्ट वेगळी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला चांगला पाऊस झाला आणि चार दिवसांनी मॅटवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवट ठिपके दिसले. चष्मा लावून खाली बसले. लव्हाळ्याचा कोंब वर येताना पानं एकमेकांत गुंडाळून त्याचं टोक दाभणासारखं झालेलं असतं. त्या दाभणानं त्यानं विणीतली भोकं शोधली नव्हती, नवी पाडली होती. धरून ओढला की मॅटच्या वरचा हिरवा भाग हातात येतो, गाठ खालीच राहते. आठवड्यात तिथून दुसरा कोंब. जुलैअखेर मॅट दिसेनाशी झाली.

आमच्याकडे भांगलायला, म्हणजे तण काढायला, एक आक्का येतात. त्यांनी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं तो वाफा न्याहाळला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो लव्हाळा म्हंजी सावकाराचं कर्ज हाय. व्याज वरनं कितीबी उपटा, मुद्दल खाली तसंच." मी पुस्तकं वाचून नंतर जे समजून घेतलं ते यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना धाग्यासारख्या मुळकांडांनी जोडलेल्या असतात, माळेतल्या मण्यांसारख्या. पहिली गाठ उगवते तेव्हा ती बाकीच्यांना झोपवून ठेवते. आपण कुदळीनं माळ तोडली की झोपलेल्या सगळ्या जाग्या होतात. म्हणजे अर्धवट खणणं हे लव्हाळ्याची लागवड करण्यासारखंच. ऑक्टोबरमध्ये मी मॅट उचलली तेव्हा वीतभर चौकोनात ३१ गाठी मोजल्या. मॅटखालच्या गारव्यात आणि ओलीत त्यांचं उत्तम चाललं होतं.

महापुरात मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हे मी सांगलीच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि दर वर्षी खाली नम्रता हा गुण लिहून घेतला. २०१९ चा पूर ओसरल्यावर गाळातून सगळ्यात आधी लव्हाळाच वर आला होता, तेव्हाही मला नम्रताच दिसली. आता परीक्षेत कुणी 'कारण त्याला खाली गाठी असतात' असं लिहिलं तर मी पैकीच्या पैकी देईन.

मधल्या काळात व्हिनेगर, मीठ आणि भांड्यांचा साबण हा मोबाइलवर सतत समोर येणारा उपायही करून पाहिला. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के आम्ल असतं. भर उन्हात फवारलं की संध्याकाळपर्यंत पानं करपतात, बघून फार बरं वाटतं. पंधरा दिवसांनी गाठ नवी पानं घेऊन हजर. मीठ मी वाफ्यात घातलं नाही आणि तुम्हीही घालू नका. तण जाईल न जाईल, मातीचं नुकसान नक्की होतं. फरशीच्या सांध्यांत उगवणाऱ्या दुधी आणि आंबुशी या तणांवर उकळतं पाणी ओतलं तरी तेच काम होतं. भात शिजायच्या आधी आधणातलं थोडं काढून घ्यायचं, संपलं.

एका कृषी सेवा केंद्रात विचारलं तर गल्ल्यावरच्या मुलानं मान वर न करता ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली पुढे सरकवली. त्याला म्हटलं, अरे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून याचा वापर पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांपुरता ठेवलाय ना? तो म्हणाला, "मॅडम, सगळे नेतात." वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला माझी कोथिंबीर असते. मी नेली नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये वाफ्यातून मॅट कायमची काढली. पाऊस संपल्यावर, पण जमीन ओली असताना, वाफसा येण्याची वाट पाहिली. काळ्या मातीत हे दोन-चार दिवसच मिळतात: मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि बोटानं ढकलला की फुटतो. त्याच्या आधी चिखल, त्याच्या नंतर दगड. त्या दिवसांत आक्का आणि मी वीत-दीड वीत खोल खणत गेलो आणि माळ न तोडता गाठी वेचल्या. सात मीटरचा वाफा, चार सकाळी, दीड घमेलं गाठी. माझं खुरपं लोहारानं गाडीच्या कमानपाट्यापासून केलेलं, १८० रुपयांचं. उभ्यानं तण काढायचं एक पायदाबाचं अवजारही मी ऑनलाइन घेतलं होतं, गुडघ्यांच्या काळजीनं. ते माठ, टाकळा असल्या सोटमुळाच्या तणांना छान उपटतं. लव्हाळ्यापुढे ते शोभेचं. गाजरगवताला तर अवजारही नको. फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. फुलं आली की एकेका रोपाच्या हजारो बिया, आणि माझ्यासारखीला अंगाला खाज.

एप्रिल २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात वाफा भरपूर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरल्या. काळं नाही, पारदर्शक. ऊन आत शिरून माती तापली पाहिजे. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आणि आवरतं घ्यावं लागलं, तरी पाच आठवडे मिळाले. केना, माठ, दुधी यांचं बी जवळजवळ संपलं. लव्हाळ्यावर फरक पडला असं म्हणवत नाही.

मग प्लास्टिक काढून वाफ्यावर फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा, चिकटपट्ट्या काढून, दोन थर, सांधे एकावर एक चढवून. वर सहा इंच उसाचं पाचट, जे आमच्या भागात ट्रॉलीवाला भाड्याच्या पैशांत टाकून जातो. पुठ्ठ्याला भोकं पाडून रताळ्याचे वेल लावले. लव्हाळ्याला ऊन लागतं, सावलीत तो खंगतो, आणि रताळ्याचा वेल दीड महिन्यात जमीन अशी झाकतो की खाली हात घातला तरी अंधार लागतो. कोंब आले नाहीत असं नाही. आले, पण पांढरट, लांबुळके, मोजण्यासारखे. दर रविवारी चहा ठेवायच्या आधी चार-सहा उपटायचे. वाफ्याच्या कडेला जुन्या घराची मंगलोरी कौलं उभी गाडली, अर्धी जमिनीत, अर्धी वर. हरळी तिथं थबकते आणि दिसतंही देखणं. रताळी सहा किलो निघाली, पण नवरात्र संपल्यावर, म्हणून सासूबाई अजून टोमणे मारतात.

तर मॅटला पाचपैकी अडीच तारे. पायवाटेखाली, कुंड्यांखाली घ्या. लव्हाळा असलेल्या वाफ्यात घेऊ नका. विकणाऱ्यांना मी वजनाचा फोटो पाठवला होता. त्यांनी 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' एवढं कळवलं.

उरलेली तीन मीटर गच्चीवर उन्हात पसरून ठेवली आहे. खणून काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकल्या तर तिथंच फुटतात, म्हणून त्या या मॅटवर वाळत घालते. काळं प्लास्टिक दुपारी एवढं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. दोन-तीन आठवड्यांत गाठी खुळखुळ वाजायला लागतात, मग त्यांच्यात जीव राहत नाही.